आवडता घोडा गेल्यावर

१/
मुंबई–गोवा महामार्गावर खारेपाटण मागे पडले की थोड्याच वेळात तळेरे येते. सिंधुदुर्गातील कणकवली तालुक्याचे हे गाव लहान असले, तरी येथे चार दिशांचे रस्ते भेटतात. उत्तरेस मुंबई, दक्षिणेस गोवा, पश्चिमेस विजयदुर्ग आणि पूर्वेस वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावडा व पुढे कोल्हापूर. चौकात एसटी थांबतात, मालाचे ट्रक वळतात. सुट्टीच्या दिवसांत क्वचित एखादी बुटकी, रुंद, जमिनीला जवळजवळ चिकटून धावणारी स्पोर्ट्स कार गोव्याच्या दिशेने निघून जाते. तिचा आवाज विरेपर्यंत टपरीवरचे चहाचे पेले हातातच राहतात.

२/
अशी गाडी ज्याच्या दारी असते, त्याच्यावर एक प्रसंग केव्हातरी येतोच. जीव लावलेली गाडी विकावी लागते, आणि मग तिच्या जागी दुसरी कोणती आणायची, हे ठरवावे लागते. वरवर पाहता हा श्रीमंतांचा लाडका प्रश्न. पण या मुलखाला तो नवा नाही. काही शतके तो घोड्यांच्या बाबतीत विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर माणसाची पत, पोट आणि कधी प्राणही अवलंबून असत. आजचा धागा या प्रश्नाविषयी: जकात, नालबंद, भीमथडी तट्टू आणि एक लाल फेरारी.

३/
आरंभ तळेऱ्याच्या शेजारीच करता येतो. खारेपाटण आज महामार्गावरचा एक थांबा वाटतो. पूर्वी मात्र विजयदुर्गच्या खाडीतून गलबते येथवर येत. येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा आहे. त्यात देवस्थानासाठी उत्पन्न नेमून दिलेले आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या गलबतामागे एक सुवर्ण धरण. गलबत दुरून आले की आकार वेगळा, जवळून आले की वेगळा. परदेशी वस्तू हवी असेल, तर दारात मोल मोजावे लागते, हा नियम या खाडीकाठी हजार वर्षांपूर्वीच लेखी झालेला होता.

४/
मध्ययुगात समुद्रावरून येणाऱ्या अत्यंत मौल्यवान मालांपैकी एक होता घोडा. दख्खनच्या व दक्षिणेच्या उष्ण-दमट हवेत उत्तम युद्धाश्वांची पैदास कठीण. म्हणून अरबस्तान व इराणी आखातातून घोडे चौल, गोवा, भटकळ अशा बंदरांत उतरत. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर हा व्यापार आपल्या मुठीत आणण्याचा त्यांचा आटोकाट प्रयत्न राहिला, कारण घोड्यांवरील जकात हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. विजयनगरचा राजा दरवर्षी होर्मुझचे व देशी मिळून तेरा हजार घोडे विकत घेतो, असे फर्नांव नुनिझ या पोर्तुगीज वृत्तांतकाराने नोंदवले आहे.

५/
येथे सहज प्रश्न पडावा: दरवर्षी इतके घोडे कशाला? मागच्या वर्षीच्या घोड्यांचे काय होई? लढाईतील हानी हे एक कारण. दुसरे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस तमिळ किनाऱ्याविषयी लिहून ठेवले आहे. तेथे आणलेले घोडे चुकीच्या खाद्याने आणि निगेअभावी मरत. त्या देशात नालबंद नव्हते. पोलो पुढे म्हणतो की व्यापारी मुद्दामच नालबंद सोबत आणत नसत आणि कोणाला तेथे जाऊही देत नसत. घोडे टिकले तर पुढच्या वर्षी विकायचे काय? उमद्या घोड्याचे पैसे एकदा मोजून भागत नाही. त्याची निगा राखणारा हात शेजारी हवा, हे ज्याला उमगले नाही त्याने तोच घोडा पुन्हा पुन्हा विकत घेतला.

६/
या पेचावर महाराष्ट्राने काढलेला तोडगा म्हणजे भीमथडी तट्टू. भीमा नदीच्या खोऱ्यात वाढलेली ही जात परदेशी रक्ताचा आणि देशी घोड्यांचा संकर मानली जाते. अंगाने ठेंगणी, दिसायला साधी, पण काटक. थोड्या दाण्यावर, रानातल्या चाऱ्यावर आणि दगडधोंड्यांच्या वाटांवर टिकणारी. अरबी घोड्याशेजारी तट्टू उभे केले तर प्रेक्षकांची नजर अरबीवरच खिळेल. मराठ्यांच्या हलक्या, चपळ घोडदळाची भिस्त मात्र अशाच काटक जनावरांवर राहिली. अरबीसारखे दिसणे हे त्यांच्याकडून कोणी अपेक्षिलेच नव्हते. त्यांची निवड वाटेने केली होती.

७/
घोडा गमावणे म्हणजे काय, हे शिवकालीन सैन्याच्या रचनेवरून समजते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराचे जनावर मेले तर हानी पागेची. शिलेदाराचे गेले तर हानी त्याच्या घरची, आणि त्यासोबत त्याचा दर्जाही पणाला लागे. म्हणून नवा घोडा निवडताना त्याला दोन मोह आवरावे लागत: गेलेल्यासारखाच दिसणारा शोधण्याचा, आणि गेलेल्याहून भारी आणून दुःख झाकण्याचा. परवडणारा, वाटेला चालणारा, आजारी पडला तर उपचार करता येणारा, असा घोडा शोधण्यातच शहाणपण होते.

८/
आता घोड्यावरून गाडीवर येऊ. आणि योग असा की त्या गाडीच्या नाकावरही घोडाच आहे. फेरारीचे बोधचिन्ह, मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा, मूळचे फ्रान्चेस्को बाराका या पहिल्या महायुद्धातील इटालियन वैमानिकाचे. युद्धात तो मारला गेला. पुढे १९२३ मध्ये त्याच्या आईने हे चिन्ह शुभशकुन म्हणून गाडीवर लावण्यास सुचवले, असे एन्झो फेरारी सांगत. त्यामागची पिवळी पार्श्वभूमी मोदेना या त्यांच्या जन्मगावाच्या रंगाची. एका गेलेल्या स्वाराचा घोडा दुसऱ्याने पुढे चालवला, हीच या चिन्हाची कथा.

९/
त्याच गावाचे नाव घेऊन १९९९ मध्ये ‘फेरारी ३६० मोदेना’ आली. आसनांच्या मागे बसवलेले ३.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती, संपूर्ण ॲल्युमिनियमची चौकट, पिनिनफरिना यांचे रेखाटन. तीही एका लाडक्या गाडीची, एफ३५५ ची, वारसदार होती. मागच्या काचेतून इंजिन दिसे. जणू तबेल्याचे दार उघडे ठेवले आहे. तिला लागणारा सपाट, मोकळा रस्ता मात्र त्या काळी मुंबईत अपवादानेच मिळे.

१०/
एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सचिन तेंडुलकर यांनी कसोटी कारकिर्दीतले २९ वे शतक झळकावून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी साधली. त्याच वर्षी जुलैमध्ये, भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते त्यांना लाल ३६० मोदेना देण्यात आली. फियाट कंपनीची ती भेट होती. तेंडुलकर तेव्हा फियाटचे सदिच्छादूत होते. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढलेल्या, कवी-प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाच्या हाती फेरारीची किल्ली आली. मराठी मध्यमवर्गाने ते छायाचित्र आपल्याच घरचे असल्यासारखे पाहिले.

११/
आणि मग खारेपाटणच्या ताम्रपटातला जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. परदेशातून आलेल्या गाडीवर सीमाशुल्क होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बक्षीस म्हणून जिंकलेल्या वाहनाला सूट मिळू शकत होती, भेट म्हणून मिळालेल्याला नाही. सरकारने सूट देण्याचे ठरवले. रक्कम सुमारे १ कोटी १३ लाख रुपये होती. २००३ मध्ये ही बाब उजेडात येताच टीकेचे मोहोळ उठले आणि प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेंडुलकर यांनी शुल्क स्वतः भरण्याची तयारी दाखवली. अखेरीस तो भार फियाटने उचलला.

१२/
या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते. सामान्य माणूस साध्या वस्तूवरही कर भरतो, मग आलिशान गाडीला माफी कशी, हा एक रास्त प्रश्न. देशाला आनंद देणाऱ्याचा गौरव देशाने कसा करावा, हा दुसरा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे ‘बक्षीस’ आणि ‘भेट’ या दोन शब्दांतले अंतर टिपून ठेवावे. दरबारांत घोडा आणि वस्त्रे देऊन सन्मान करण्याची प्रथा होती; मिळालेला घोडा पराक्रमाचे फळ की देणाऱ्याची मेहेरबानी, हे स्वाराने स्वतः कसे ठरवावे? लाल गाडीवर प्रेम जडले, पण ती घरात आली तीच एका कज्ज्याची सावली सोबत घेऊन.

१३/
आता नालबंदाकडे येऊ. फेरारीचे अधिकृत विक्रेते भारतात आले २०११ मध्ये. त्याआधीची वर्षे ३६० मोदेना मुंबईत होती, आणि तिला घडवणाऱ्या कंपनीचा दरवाजा मात्र समुद्रापार होता. मार्को पोलोने वर्णिलेली अवस्था थोडीफार अशीच. २०११ मध्येच तेंडुलकर यांची गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. पुढल्या वर्षी राजेश मापुसकर दिग्दर्शित ‘फेरारी की सवारी’ हा चित्रपट आला. त्यात एक प्रामाणिक मध्यमवर्गीय बाप मुलाच्या क्रिकेटच्या स्वप्नापायी सचिनची फेरारी तात्पुरती पळवतो. प्रत्यक्षातली गाडी मुंबईतून गेली, आणि पडद्यावर ती साऱ्यांचीच झाली.

१४/
तिच्या जागी काय आले? त्याच सुमारास तेंडुलकर यांच्याकडे निस्सान जीटी-आर दिसू लागली. फेरारीशेजारी ती ठेवली तर फरक पहिल्या दृष्टिक्षेपात कळतो. तिचे इंजिन पुढे, ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे. ताकद चारही चाकांना. मागे दोन लहान आसने आणि बऱ्यापैकी सामानाची जागा. २००७ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या या गाडीचे प्रत्येक इंजिन एकच निष्णात कारागीर आपल्या हातांनी जुळवत असे. रूप मात्र खांद्यात रुंद, काहीसे रांगडे. सौंदर्यस्पर्धेत ती फेरारीला हरवणार नाही. पाऊस सुरू झाला, रस्ता ओला झाला, की मात्र चार चाकांची पकड बोलू लागते.

१५/
जीटी-आर हा स्वतःच वारसाचा प्रश्न होता, हे विसरू नये. आधीची ‘स्कायलाइन जीटी-आर’ २००२ मध्ये बंद झाली. तिचे सरळ रांगेतले सहा सिलिंडरांचे इंजिन हा चाहत्यांचा प्राण होता. नव्या गाडीने ते इंजिन सोडले, ‘स्कायलाइन’ हे नावही सोडले. चाहते हळहळले, पण पाच वर्षांनंतर आलेल्या गाडीला जुनीची नक्कल म्हणून उभे राहावे लागले नाही, म्हणूनच ती २०२५ पर्यंत टिकली. अर्थात भारतात तीही परकीच होती. निस्सानने येथे जीटी-आर अधिकृतपणे आणली ती २०१६ च्या डिसेंबरात. म्हणजे दुसरा घोडाही अरबीच. फक्त वाटेला थोडा अधिक सोसणारा.

१६/
वारसदाराचे दुर्दैव आणि सुदैव दोन्ही पाहायचे असेल, तर युरोपातील दोन उदाहरणे पुरेत. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपवर जग भाळले होते. १९७५ मध्ये तिच्या जागी एक्सजे-एस आली आणि तिच्या रूपावर सडकून टीका झाली; तरी ती १९९६ पर्यंत, ई-टाइपहून अधिक वर्षे, बनत राहिली. उलट पोर्शेने ९११ ची जागा घेईल म्हणून १९७७ मध्ये ९२८ आणली. ती उत्तम होती, १९७८ ची ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ ठरली, पण ९११ ची जागा तिला मिळाली नाही. ९२८ केव्हाच बंद झाली. ९११ आजही बनते. नव्याचे गुण निराळे आणि जुन्यावरचा जीव निराळा. एकाने दुसऱ्याची भरपाई होतेच असे नाही.

१७/
तेंडुलकर यांच्या गोष्टीत पुढे तिसरी गाडी येते, बीएमडब्ल्यू आय८. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत ती भारतात दाखवली गेली, तेव्हा तिच्यावरचा पडदा त्यांनीच दूर केला; ते त्या कंपनीचे सदिच्छादूत झाले होते. आय८ विजेवर आणि पेट्रोलवर चालते. तिचे पेट्रोल इंजिन अवघे दीड लिटरचे, तीन सिलिंडरांचे. बीएमडब्ल्यूचा कारखाना चेन्नईजवळ २००७ पासून होता, विक्रेते व दुरुस्तीच्या जागा मोठ्या शहरांत होत्या. आठ सिलिंडरांवरून सहा, सहावरून तीन. आणि नालबंद एकेक पाऊल घराजवळ. हा क्रम कोणी आखलेला नसेल, पण नियम, रस्ता आणि काळ मिळून माणसाच्या आवडीला कसे वळण देतात, ते त्यात दिसते.

१८/
रस्त्याचे हे म्हणणे तळेऱ्यातून पूर्वेकडे वळल्यावर अधिक नीट ऐकू येते. वैभववाडीनंतर करूळ घाट लागतो. वळणामागून वळण, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, आणि पावसाळ्यात धुके, धबधबे, निसटणारे दगड. २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी हा घाट बंद करावा लागला आणि वाहनांना दुसरे घाट धरावे लागले. अशा वाटेवर ताशी तीनशे किलोमीटरचा आकडा निरुपयोगी ठरतो. उपयोगी पडतो तो ब्रेक, पकड, जमिनीपासूनची उंची आणि उताराला गिअरवर गाडी धरून ठेवणारा सराईत हात. पूर्वी याच डोंगररांगेच्या घाटांतून माल वाहिला तो बैलांच्या तांड्यांनी. उमद्या अरबी घोड्याला येथे भाव नव्हता.

१९/
आणखी एक गोष्ट तळेऱ्याला लागून आहे. शेजारच्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही वाळू काचेसाठी लागते, आणि ओतकामाच्या साच्यांसाठीही. इंजिनाचा ठोकळा वितळलेल्या धातूतून आकार घेतो तो वाळूच्या साच्यात. घाटमाथ्यापलीकडचे कोल्हापूर ओतकामाच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखले जाते. ज्या चौकातून परदेशी गाडी झपकन निघून जाते, त्याच चौकाच्या आसपास गाडीच्या जन्माला लागणारी माती भूमीतून निघते. नालबंद, लोहार, ओतारी यांची परंपरा ज्या मुलखात मुरते, त्यालाच पुढे आपला घोडा आपण निवडता येतो.

२०/
शेवटी मूळ प्रश्न. तेंडुलकर यांची सर्वांत लाडकी गाडी कोणती? सारे जग फेरारी म्हणेल. २०२० मध्ये एका मुलाखतीत त्यांनी वेगळेच सांगितले. लहानपणी घराजवळच्या ड्राइव्ह-इन चित्रपटगृहात येणाऱ्या मोटारी ते आणि त्यांचा भाऊ बाल्कनीत तासन् तास उभे राहून पाहत. पुढे क्रिकेटपटू झाल्यावर स्वतःच्या पैशांतून घेतलेली पहिली गाडी होती मारुती ८००. ती आता त्यांच्याकडे नाही. ती परत मिळाली तर फार आवडेल, कोणाला तिचा ठावठिकाणा ठाऊक असेल तर कळवावे, असे त्यांनी म्हटले.

२१/
मारुती ८०० रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ रोजी, आणि तिचे उत्पादन थांबले २०१४ च्या जानेवारीत. आय८ भारतात दाखवली गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात. मारुतीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, आणि त्यालाही सिलिंडर तीनच. तिच्यावर कज्जा नव्हता. ती कोणाची भेट नव्हती, बक्षीसही नव्हते. तिचा नालबंद तालुक्यातालुक्यात, अगदी तळेऱ्यासारख्या नाक्यावरही भेटे. शिलेदाराने स्वतःच्या कमाईतून घेतलेला पहिला घोडा तो हाच. फेरारीला पर्याय मिळाला, जीटी-आरलाही मिळाला. या गाडीला मात्र मिळाला नाही, कारण तिच्या जागी दुसरी गाडी कोणी मागितलीच नाही. मागणे होते ते तीच गाडी परत मिळण्याचे.

२२/
म्हणून लाडक्या गाडीला पर्याय शोधणाऱ्याने दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात. एका यादीत रस्ता, कर, निगा, खर्च आणि नालबंद. नवी गाडी या यादीवरून निवडावी, आणि ती जुनीसारखी नाही म्हणून तिला बोल लावू नये. दुसऱ्या यादीत जुन्या गाडीचा पहिला प्रवास, शेजारच्या आसनावर कोण बसले होते ते, काचेवरचा पाऊस. ती यादी कोणत्याही विक्रेत्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही. ती लिहून ठेवावी. घराघरांतल्या जुन्या आरसी पुस्तिका, विक्रीच्या पावत्या आणि गाडीसमोर उभे राहून काढलेली छायाचित्रे ही उद्याच्या इतिहासाची साधने आहेत; रद्दीत जाण्याआधी ती जपावीत.

२३/
तळेऱ्याच्या चौकातून लाल गाडी गोव्याकडे निघून गेली की तिच्यामागे बहुधा एखादी जुनी मारुती येते. टपावर फणसांचे पोते, मागच्या काचेवर पुसट झालेले गावाचे नाव. ती कोल्हापूरच्या रस्त्याला वळते आणि घाटाकडे लागते. तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ती मात्र वर पोहोचते.

धागा समाप्त. आपल्या घरातील पहिल्या वाहनाची आठवण, साल आणि ते शेवटी कोठे गेले, हे खाली अवश्य नोंदवा.